चुकलेल्या पीसीबीवर कटर चालवावा की बोर्ड नव्याने करून घ्यावेत?

रानवेडा (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. शेतीची तीन फेजची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, त्यामुळे मोटार फोनवरून चालू-बंद करता यावी आणि वीज आली की मेसेज यावा, यासाठी मी स्वतः एक छोटा कंट्रोलर आखला. त्यात एटीमेगा३२८पी ही कंट्रोलर चिप, सिम८००एल हे मोबाइल नेटवर्कशी बोलणारे जीएसएम मॉड्यूल, घड्याळाचे एक तयार मॉड्यूल आणि दोन रिले आहेत. बोर्ड, म्हणजे पीसीबी, दोन थरांचा आहे. दहा बोर्ड करून आणले, पहिला जोडला, आणि जीएसएम मॉड्यूल काही केल्या उत्तर देईना.

दोन रात्री प्रोग्राम तपासण्यात घालवल्या. शेवटी सर्किटचा नकाशा उघडला तेव्हा लक्षात आले की टीएक्स (पाठवण्याची) आणि आरएक्स (ऐकण्याची) या दोन ओळी मीच उलट जोडल्या आहेत. कंट्रोलरचा टीएक्स मॉड्यूलच्या टीएक्सला आणि आरएक्स आरएक्सला गेला आहे. म्हणजे दोघेही बोलत आहेत आणि ऐकणारा कोणीच नाही.

माझ्याकडे २५ वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न, कागद कापायचा कटर आणि मल्टिमीटर एवढीच सामग्री आहे. हे दोन ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, कापून तारेने उलटे जोडले, तर ते काम शेतातल्या पेटीत टिकेल का? की दहाही बोर्ड बाजूला ठेवून नवे करून घ्यावेत? दोन बोर्ड मला ताबडतोब हवे आहेत, एक आमच्या विहिरीवर आणि एक चुलत्यांच्या बोअरवर. नकाशा आणि बोर्डाचा फोटो सोबत टाकला आहे.

सोलापुरी_चादर (रविवार, रात्री ९.२५)

दोघेही बोलत आहेत आणि ऐकणारा कोणीच नाही, हे वर्णन आमच्या ग्रामसभेला तंतोतंत लागू पडते. तिथे कटर चालवण्याची सोय नाही, एवढाच फरक.

कथीलकाका (रविवार, रात्री १०.४०)

रानवेडा, बेलाशक कापा. मी १९८४ सालापासून रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती करतो आणि माझ्या हातून जितके बोर्ड दुरुस्त झाले, त्यांतल्या निम्म्यांवर तरी कुठे ना कुठे एक तार आडवी गेलेली असेल. मात्र हे काम ताकदीचे नाही, हे आधी मनाशी ठरवून घ्या. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण निम्मा. तेवढेच कापायचे आहे. पात्यावर जोर दिला की ते घसरते, आणि घसरलेले पाते शेजारचे तीन ट्रॅक घेऊन जाते.

एकच चीर देऊन थांबू नये, कारण तांब्याची बारीक कुसळे राहतात आणि मल्टिमीटर कधी वाजतो, कधी वाजत नाही. एक ते दीड मिलिमीटर अंतरावर दोन चिरा द्याव्यात, प्रत्येक चिरेवरून पाते हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवावे, आणि मग मधल्या तुकड्यावर तापलेल्या आयर्नचे टोक टेकवून पात्याच्या टोकाने तो उचलावा. उष्णतेने तांब्याची पकड सुटते आणि तुकडा सहज निघतो. त्यानंतर मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन गोष्टी तपासाव्यात: कापलेली दोन टोके खरोखर सुटली का, आणि त्यांतले कोणतेही टोक शेजारच्या तांब्याला चिकटले तर नाही ना. पहिली तपासणी सगळे करतात. दुसरी विसरतात.

तार जोडण्यासाठी ट्रॅकवरचा हिरवा लेप पात्याच्या पाठीने खरवडून तीन-चार मिलिमीटर तांबे उघडे करावे, त्यावर राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा पदार्थ) लावून आधी नुसती कल्हई करावी, तारेच्या टोकालाही कल्हई करावी, आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून आयर्न दोन सेकंद टेकवावे. तिसऱ्या सेकंदाला हात मागे आलाच पाहिजे. २५ वॅटच्या साध्या आयर्नला तापमानाचे नियंत्रण नसते, ते नुसते ठेवले तर तापतच राहते, आणि बारीक ट्रॅक बोर्डावरून सालीसारखा सुटून येतो. शक्य असेल तर लेप खरवडण्याऐवजी एखाद्या सुट्या भागाच्या पायावरच तार जोडावी, कारण तो सांधा जास्त मजबूत असतो.

तार कोणती, हा प्रश्न लोक हलक्याने घेतात. लॅन केबलमधली तार इथे वापरू नका, ती अर्धा मिलिमीटर जाड आणि ताठ असते आणि हात लागला की सगळा ताण ट्रॅकवर येतो. तीस गेजची वायर-रॅपची तार मिळवा. तिचे तांबे पाव मिलिमीटरचे असते. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची बारीक तारही चालेल, पण तिच्यावरचे इनॅमल आयर्नच्या उष्णतेने जळत नाही, ते पात्याने खरवडूनच काढावे लागते. न खरवडता डाग दिला तर सांधा दिसतो सुंदर आणि आत काहीच जोडलेले नसते.

मापदंड (सोमवार, सकाळी ८.०५)

कथीलकाकांच्या हातावर माझा विश्वास आहे, तरीही मी विरुद्ध मत नोंदवतो. मी जोडणीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. तारेने केलेला बदल हा काही गुन्हा नाही. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेचा ७७११/७७२१ हा मानदंड दुरुस्ती आणि फेरबदल यांच्यासाठीच आहे आणि तार कशी न्यावी, कुठे चिकटवावी, सुट्या भागांवरून का नेऊ नये, हे सगळे त्यासारख्या मानदंडांत ठरवून दिलेले आहे. पण तो बदल करणारा माणूस शिकलेला असतो, त्याच्या डोळ्यासमोर भिंग असते, आणि त्याचे काम दुसरा माणूस तपासतो.

इथे बोर्ड विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत बसणार आहे. उन्हाळ्यात ती पेटी हाताला चटका बसेल इतकी तापते, पावसाळ्यात तिच्यात दमट हवा कोंडते, आणि शेजारी मोटारीला वीज जोडणारा मोठा कॉन्टॅक्टर दिवसातून अनेक वेळा धाडकन बसतो. एक सांधा सुटला आणि बंद करण्याचा मेसेज पोचलाच नाही, तर कोरड्या विहिरीत मोटार चालत राहील. मोटार जळण्याचा खर्च दहा नव्या बोर्डांपेक्षा कितीतरी जास्त आहे. चाचणीसाठी एक बोर्ड जरूर कापावा. शेतात नवेच बसवावेत.

नुसताच_वाचक (सोमवार, सकाळी ११.३०)

काकांनी कल्हई हा शब्द वापरला म्हणून विचारतो. आमच्या घरी भांड्यांना कल्हई करायला येणारे गृहस्थ नवसागर वापरत असत आणि कथील पाण्यासारखे पसरत असे. पत्र्याच्या डब्यांना डाग देताना वापरतात ते ॲसिडही माझ्याकडे आहे. यांपैकी एखादे बोर्डावर चालेल का? माझे कथील ट्रॅकवर गोळी होऊन बसते.

कथीलकाका (सोमवार, दुपारी १.१५)

नुसताच_वाचक, दोन्ही अजिबात वापरू नका. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड आणि पत्र्यासाठीच्या त्या ॲसिडात बहुधा झिंक क्लोराइड असते. डाग उत्तम बसतो, यात शंका नाही, पण मागे राहिलेले क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते आणि तांबे खात बसते. भांडे आपण घासून धुतो, बोर्ड कोणी घासत नाही. काही महिन्यांनी ट्रॅकच्या जागी हिरवी पूड सापडते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा स्टीरिओ मी असाच "चकचकीत" करून दिला होता. तो सहा महिन्यांनी परत आला, आणि उस्तादांनी मला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

कथीलाची गोळी होते, कारण तांब्यावर गंज किंवा हाताचे तेल असते. पांढऱ्या खोडरबराने घासा, राळेचा फ्लक्स लावा, आणि ६०/४० किंवा ६३/३७ चे शिसेयुक्त सोल्डर वापरा. ६३/३७ चे १८३ अंशांना वितळते, बिनशिशाचे त्याहून तीसेक अंश वर, आणि साध्या आयर्नने बारीक काम करताना तो फरक हाताला कळतो. काम झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच चहाचा कप उचलावा.

इंद्रधनू (सोमवार, संध्याकाळी ६.५०)

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळेचे काम पाहते. मुलांच्या प्रकल्पांमध्ये टीएक्स-आरएक्सची अदलाबदल ही चूक दरवर्षी, नियमाने आणि भक्तिभावाने होते. माझा पहिला प्रश्न असा, की कापायचेच कशाला? एटीमेगा३२८पीचे हार्डवेअर सिरियलचे पाय ठरलेले आहेत हे खरे, पण सॉफ्टवेअर सिरियल, म्हणजे तेच काम प्रोग्रामकडून करवून घेण्याची सोय, वापरून त्याच दोन पायांच्या भूमिका उलट करता येतात. सिम८००एलला सेकंदाला ९६०० बिट्सचा वेग पुरतो आणि तेवढ्या वेगाला सॉफ्टवेअर सिरियल निभावून नेते. न केलेला छेद कधीच सुटत नाही, तेव्हा मापदंड यांचीही हरकत राहणार नाही.

ओहमशास्त्री (सोमवार, रात्री ९.००)

इंद्रधनू ताई, कल्पना चांगली आहे, पण रानवेडा यांनी टाकलेला नकाशा मोठा करून पाहावा. कंट्रोलर ५ व्होल्टवर चालतो आणि सिम८००एलच्या सिरियलच्या पायांना साधारण २.८ व्होल्टची पातळी लागते. म्हणून त्यांनी कंट्रोलरच्या टीएक्सवर १० किलोओहमच्या दोन रोधांचा (रेझिस्टरांचा) व्होल्टेज विभाजक टाकला आहे, त्यामुळे ५ चे २.५ होतात. हे त्यांनी बरोबरच केले. पण ओळी उलट झाल्याने तो विभाजक आता मॉड्यूलच्या टीएक्सकडे गेला आहे आणि मॉड्यूलचा आरएक्स कंट्रोलरला थेट जोडलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये भूमिका उलटवल्या तर त्या थेट ओळीवरून पूर्ण ५ व्होल्ट मॉड्यूलच्या पायात जातील. तो लगेच मरेल असे नाही, पण त्याला हळूहळू मारण्याची ती खात्रीची पद्धत आहे.

यावरून छेद कुठे द्यायचा हेही ठरते. तो कंट्रोलरजवळ देऊ नये. विभाजक ओलांडल्यावर, मॉड्यूलच्या पायांपासून सेंटिमीटरभर अलीकडे द्यावा आणि तिथेच दोन तारा फुलीसारख्या जोडाव्यात, म्हणजे विभाजक पुन्हा योग्य ओळीवर येतो आणि तारा दीड सेंटिमीटरच्या आत राहतात.

एक दिलाशाची गोष्ट म्हणजे आतापर्यंत दोन टीएक्स आमनेसामने असले तरी मध्ये १० किलोओहम होते, त्यामुळे प्रवाह अर्ध्या मिलिअँपियरच्या पुढे गेलेला नसणार. मॉड्यूल सुरक्षित असावे. एक खटकणारी गोष्टही सांगून ठेवतो. ५ व्होल्टवरच्या एटीमेगाला "एक" ओळखण्यासाठी कागदोपत्री ३ व्होल्ट लागतात आणि मॉड्यूल २.८ देते. बहुतेक वेळा हे चालून जाते. पुढच्या आवृत्तीत मात्र तिथे एक ट्रान्झिस्टर टाका.

इंद्रधनू (सोमवार, रात्री ९.२०)

मान्य. मी नकाशा न पाहता उत्तर लिहिले. मुलांना याच कारणासाठी मी गुण कापते.

दूरदेशी (सोमवार, रात्री ११.५५)

मी इंग्लंडमध्ये असतो आणि जुने घरगुती संगणक जमवतो. मापदंड यांच्या "शेतात नवेच बसवावेत" या वाक्यावरून एक उदाहरण आठवले. १९८२ साली बाजारात आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमच्या मुख्य चिपमध्ये एक चूक राहून गेली होती. चिप पुन्हा घडवून घेण्याइतका वेळ हाताशी नव्हता, म्हणून पहिल्या आवृत्तीच्या बोर्डांवर ७४एलएस०० ही साधी चिप पाठीवर उलटी चिकटवून तिच्या पायांना तारा जोडल्या गेल्या आणि ते संगणक तसेच विकले गेले. पाय वर करून पडलेली ती काळी चिप पाहून लोकांनी तिचे नाव "मेलेले झुरळ" ठेवले. पुढच्या आवृत्तीत झुरळ गेले आणि प्रोसेसरच्या डोक्यावर एक ट्रान्झिस्टर पाय पसरून बसला. त्याला "कोळी" म्हणतात. भारतात १९८६ साली डेसिबेल्सने डीबी स्पेक्ट्रम+ या नावाने याच संगणकाची स्पेक्ट्रम+ ही आवृत्ती आणली, तेव्हा इथल्या काही वाचकांनी तो शाळेत किंवा घरी पाहिला असेल.

माझ्याकडे एक झुरळवाला स्पेक्ट्रम आहे आणि तो अजून चालतो. मी त्याच्यावर आणखी एक फेरबदल केला: टीव्हीच्या ॲन्टेनासाठी सिग्नल तयार करणारा जो डबा असतो, त्याच्या आतला रोध सोडवून व्हिडिओ सरळ बाहेर काढला, कारण आजचे टीव्ही तो जुना सिग्नल नीट पकडत नाहीत. हे काम केवळ आयर्न आणि चिमट्याने झाले, आणि रोध एका पायावर उभा ठेवला आहे, म्हणजे उद्या कोणाला मूळ स्थिती हवी असेल तर दोन मिनिटांत परत आणता येईल. जुन्या वस्तूवर काम करताना ट्रॅक कापण्याआधी मी असा मागे फिरण्याचा रस्ता आहे का, हे पाहतो.

सोलापुरी_चादर (मंगळवार, सकाळी ७.४०)

रानवेडा, पेटीत खरी झुरळे आणि पाली शिरणारच आहेत. तुमच्या बोर्डावर कोणते झुरळ कारखान्याचे आणि कोणते विहिरीवरचे, हे ओळखण्यासाठी खूण करून ठेवा.

रानवेडा (बुधवार, रात्री १०.३०)

सर्वांचे आभार. काल रात्री एक बोर्ड कापला. ओहमशास्त्रींनी सांगितलेल्या जागीच छेद दिले. पहिला छेद व्यवस्थित झाला. दुसऱ्या वेळी पाते घसरले आणि भोवतीच्या ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) तांब्यावर ओरखडा उठला. ट्रॅक सुटल्याचे मल्टिमीटरने सांगितले, मी खूश झालो, तारा जोडल्या, आणि मॉड्यूल पुन्हा गप्प. मग कथीलकाकांची दुसरी तपासणी आठवली. छेदाच्या कडेचे तांब्याचे एक बारीक कुसळ ग्राउंडला टेकले होते. ते सुईने काढले, जुन्या दातांच्या ब्रशने जागा घासली, आणि मॉड्यूलने "ओके" म्हटले. रात्री पावणेदोन वाजता घरात ओरडण्याची सोय नव्हती, म्हणून बागेत जाऊन आलो.

आनंद पंधरा मिनिटे टिकला. मॉड्यूल आदेशांना उत्तर देते, पण नेटवर्क शोधताना मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. त्यावरचा दिवा लवकर लवकर लुकलुकतो, तीन सेकंदांच्या संथ लयीत कधीच येत नाही. सिम एअरटेलचे आहे, फोनमध्ये टूजीवर ठेवून तपासले, चालते. माझ्या तारांमुळे हे होत असेल का?

ओहमशास्त्री (बुधवार, रात्री ११.१५)

तुमच्या तारांचा यात दोष नाही. ९६०० च्या वेगाला दीड सेंटिमीटर तार म्हणजे काहीच नाही. मॉड्यूलला वीज देणारा ट्रॅक किती रुंद आणि किती लांब आहे, आणि बकवर, म्हणजे व्होल्टेज उतरवून मॉड्यूलला देणाऱ्या सर्किटवर, व्होल्टेज किती ठेवले आहे?

रानवेडा (बुधवार, रात्री ११.४०)

सॉफ्टवेअरने ठेवलेली रुंदी तशीच राहिली, ०.२५ मिलिमीटर. लांबी मोजली, रिलेंना वळसा घालून १२ सेंटिमीटर भरते. बक ३.८ व्होल्टवर आहे.

ओहमशास्त्री (गुरुवार, सकाळी ६.३०)

मग तुमचा खरा आजार सापडला. टीएक्स-आरएक्स हा नुसता सर्दी-पडशाचा प्रकार होता.

हिशेब असा. ३५ मायक्रॉनच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम असतो, चौकोन लहान असो की मोठा. तुमचा ट्रॅक म्हणजे ०.२५ मिलिमीटरचे ४८० चौकोन एकापुढे एक, म्हणजे सुमारे ०.२४ ओहम. सिम८००एल टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपियरपर्यंत खेचते, तेव्हा त्या ट्रॅकवरच जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. बकपाशी ३.८ असले तरी मॉड्यूलपाशी ३.३२ उरतात, आणि ३.४ च्या खाली ते मॉड्यूल बंद होते. साध्या मल्टिमीटरला ही घसरण दिसणार नाही, कारण प्रत्येक धक्का सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचाच असतो आणि मीटर सरासरी दाखवत बसतो.

नुसताच_वाचक (गुरुवार, सकाळी ९.१०)

मॉड्यूलजवळ मोठा कॅपॅसिटर टाकला तर काम भागणार नाही का? सगळीकडे हाच उपाय सांगतात.

ओहमशास्त्री (गुरुवार, सकाळी ९.४५)

अर्धे भागेल. १००० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरने एकट्याने २ अँपियर ५७७ मायक्रोसेकंद दिले, तर त्याचे व्होल्टेज सव्वा व्होल्टच्या थोडे खाली, म्हणजे १.१५ ने उतरते. ट्रॅक काही भार उचलतो म्हणून प्रत्यक्षात इतके उतरत नाही, पण आपल्याकडे शिल्लकच मुळी ०.४ व्होल्टची आहे. आधी रस्ता रुंद करा, मग टाकी बसवा. बक ४ व्होल्टवर नेलात तरी हरकत नाही, मात्र मॉड्यूलची कमाल मर्यादा ४.४ आहे, हे विसरू नये.

कथीलकाका (गुरुवार, दुपारी २.००)

आता माझ्या आवडीचे काम आले. यात काही कापायचे नाही, फक्त जोडायचे आहे. ट्रॅकवर सोल्डरचा जाड थर चढवून तो "रुंद" करण्याची पद्धत तुम्ही जुन्या बोर्डांवर पाहिली असेल, पण सोल्डर विजेसाठी तांब्याच्या मानाने बराच वाईट वाहक आहे आणि एवढा लांब ट्रॅक तापवत बसलात तर तो उठून येईल. त्यापेक्षा अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या आणि बकच्या बाहेरच्या पायापासून मॉड्यूलच्या पायापर्यंत बोर्डाच्या मागून सरळ न्या. वळसा टळल्यामुळे ती दहा सेंटिमीटरच्या आत बसेल. ओहमशास्त्री सांगतीलच, पण माझ्या अंदाजाने २ अँपियरला तिच्यावर दहा मिलिव्होल्टही पडणार नाहीत. इथे तीस गेजची नाजूक तार वापरू नका. ती सिग्नलसाठी आहे.

कॅपॅसिटर मॉड्यूलला अगदी लागून, पाय आखूड ठेवून लावा आणि आडवा झोपवून चिकटवा, नाहीतर कॉन्टॅक्टरच्या धक्क्यांनी काही महिन्यांत त्याचे पाय तुटतील. चिकटवण्यासाठी ग्लू-गन वापरू नये, उन्हाळ्यात तापलेल्या पेटीत तो गोंद मऊ पडतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या. तारा मात्र इपॉक्सी लावण्यापूर्वी दोन दिवस चालवून पाहा, कारण त्याखालचा चुकीचा सांधा पुन्हा उघडणे म्हणजे डोकेदुखी.

मापदंड (गुरुवार, रात्री ८.२०)

दहा मिलिव्होल्ट नव्हे, सात. काकांचा अंदाज बरोबर आहे.

मी पहिल्या दिवशी नवे बोर्ड करा म्हणालो होतो. आता म्हणतो, बरे झाले लगेच केले नाहीत. तसे केले असते तर टीएक्स-आरएक्स सुधारून तोच पाव मिलिमीटरचा ट्रॅक पुन्हा छापून आला असता. हाताने केलेल्या बदलाचा हा उपयोग मी माझ्या पहिल्या उत्तरात धरलाच नव्हता.

तुमच्या फोटोत डावीकडचे घड्याळाचे मॉड्यूल पाहून आणखी एक शंका येते. ते डीएस३२३१ चे, झेडएस-०४२ छापलेले मॉड्यूल आहे का, आणि त्यात नेहमीचा सीआर२०३२ सेल घातला आहे का? असल्यास त्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा एक रोध आणि एक डायोड असतो. तो मार्ग चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. ५ व्होल्टमधून डायोडचे वजा जाता साधारण ४.४ व्होल्ट त्या ३ व्होल्टच्या साध्या सेलवर रात्रंदिवस ढकलले जातात. तो फुगू शकतो, गळू शकतो, आणि बंद तापलेल्या पेटीत तर असे मुळीच नको. "२०१" असे लिहिलेला २०० ओहमचा तो बारीक रोध काढून टाका. घड्याळ सेलवर पूर्वीसारखेच चालत राहते.

इंद्रधनू (गुरुवार, रात्री ९.०५)

हा रोध काढणे हे नवशिक्यासाठी सर्वांत चांगले पहिले काम आहे, कारण तो पुन्हा बसवायचा नसतो आणि मोडला तरी चालतो. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना दोन आयर्न देतो, दोन्ही टोकांना एकाच वेळी लावले की रोध टोकाला चिकटून उचलला जातो. तुमच्याकडे एकच आयर्न आहे, तेव्हा रोधावर थोडे जास्तीचे सोल्डर टाकून दोन्ही टोके एकाच थेंबाखाली आणा. थेंब वितळलेला असताना रोध बाजूला ढकला आणि उरलेले सोल्डर तांब्याच्या वेणीने शोषून घ्या. मॉड्यूल आधी बोर्डावरून सोडवा आणि सेल काढून ठेवा.

भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून तो पुस्तकांच्या थप्पीवर ठेवावा. चाळिशीनंतर मी अभिमान सोडला आणि डोक्याला बांधायचे भिंग घेतले.

शिक्षिकेच्या सवयीने एक इशारा देते, कारण हा धागा वाचून काही जण घरातले एलईडी बल्ब उघडतील. त्यांतही एक रोध काढून प्रकाश आणि उष्णता कमी करण्याची युक्ती आहे आणि ती खरी आहे. पण बहुतेक बल्बांचा बोर्ड थेट घरच्या विजेला जोडलेला असतो, आणि बल्ब होल्डरमधून काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात. इथली सगळी चर्चा ५ व्होल्टची आहे. बल्बाची नाही.

सोलापुरी_चादर (गुरुवार, रात्री ९.३०)

बल्बातला ॲल्युमिनियमचा बोर्ड आयर्नला दाद देत नाही म्हणून मी तो गॅसवरच्या तव्यावर तापवला होता. एलईडी निघाला. तव्यावर शिसे लागले म्हणून आईने मला आणि तव्याला एकाच दिवशी स्वयंपाकघरातून हद्दपार केले. तवा अजून बाहेर आहे.

रानवेडा (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.४५)

उशिरा उत्तर देत आहे, बागेत फवारणीचे दिवस होते.

दोन बोर्ड पूर्ण केले. मागून जाड तार नेली, बक ४ व्होल्टवर आणला, कॅपॅसिटर झोपवून चिकटवला. पहिल्याच प्रयत्नात दिवा तीन सेकंदांच्या लयीत आला. घड्याळाच्या मॉड्यूलमधला रोध काढताना त्याचे दोन तुकडे झाले, पण इंद्रधनू ताई म्हणाल्या तसे त्याने काही बिघडले नाही. त्यातला जुना सेल बाहेर काढला तर तो किंचित फुगलेला होता. मापदंड साहेब, हे तुमच्यामुळे वेळेवर कळले.

फ्लक्सचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुतले आणि तारांच्या सांध्यांवर इपॉक्सीचे थेंब दिले. मोटार बंद करण्याचे काम मी एकट्या बोर्डावर सोपवलेले नाही. स्टार्टरमध्ये कोरड्या विहिरीसाठी वेगळा रिले बसवून घेतला, तो बोर्ड मेला तरी मोटार थांबवतो. एक बोर्ड आमच्या विहिरीवर दोन आठवडे चालू आहे. चुलत्यांकडचा परवा एकदा अडकला, तो बंद-चालू केल्यावर सुरू झाला, कारण अजून सापडलेले नाही.

उरलेले आठ बोर्ड कापणार नाही. नवा नकाशा तयार केला आहे: ओळी सरळ केल्या, विजेचा ट्रॅक ३ मिलिमीटरचा आणि पाच सेंटिमीटर लांबीचा केला, आणि सिरियलच्या दोन्ही ओळींवर जंपरच्या, म्हणजे सोल्डरने जोडता-सोडता येणाऱ्या, जागा ठेवल्या आहेत. दुसरी चूक सापडलीच तर पाते लागणार नाही, सोल्डरचा थेंब पुरेल. पाठवण्यापूर्वी कोणी नजर टाकाल का?

मापदंड (शनिवार, रात्री ९.३०)

नकाशा पाहतो. तोपर्यंत चुलत्यांच्या बोर्डाबाबत दोन गोष्टी करा. रिलेच्या कॉइलवर, ती बंद होतानाचा विजेचा धक्का गिळणारा उलटा डायोड आहे का ते बघा, आणि तो अडकला त्या क्षणी कॉन्टॅक्टर बसत होता का हे चुलत्यांना विचारा. शिवाय हाताने बदललेल्या दोन्ही बोर्डांवर तारीख आणि काय बदलले ते कायमच्या शाईच्या पेनने लिहून ठेवा. दोन वर्षांनी तुम्हालाच ते आठवणार नाही.

रानवेडा (शनिवार, रात्री १०.१०)

चुलत्यांना विचारले. कॉन्टॅक्टर बसतानाच अडकला होता. बोर्ड उघडला, एका रिलेवर डायोड आहे आणि दुसऱ्यावर नकाशातच टाकायचा राहून गेला आहे. नव्या नकाशातही तो नाही.

कथीलकाका (शनिवार, रात्री १०.२५)

१एन४००७ घ्या, पट्टीची बाजू कॉइलच्या अधिक टोकाकडे ठेवा आणि रिलेच्या दोन पायांवर मागून सरळ डाग द्या. ट्रॅक कापावा लागणार नाही. नकाशा मात्र आज रात्री पाठवू नका.